दोन वेण्यांचा फोटो

तो फोटो कोणाला दाखवू नका, असं वंदनानं मला सांगितलं होतं. मी तो मला ओळखणाऱ्या सगळ्यांना दाखवला, आणि न ओळखणाऱ्यांनाही दाखवला. चूक एवढीच आहे. बायकोची माफी मागायला मात्र मला दोन वर्षं लागली, आणि मधे एकदा भलत्याच ठिकाणी मागून मी ती चूक दुप्पट केली.

सध्या गावात हळद शिजते आहे. आमची काल शिजली. आज नाल्यापलीकडच्या शेतात हळद शिजवायचा कुकर लागलाय आणि त्याची वाफ वाऱ्याबरोबर थेट आमच्या ओसरीपर्यंत येते. ज्यांनी हळद फक्त डब्यातच पाहिली आहे, त्यांना हा वास ओळखू यायचा नाही. त्यात ओली माती असते, थोडा कापूर असतो, उकडलेल्या रताळ्याचा गोडवा असतो आणि तळाशी एक कडूपणा असतो, जो घशात उतरून संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहतो. आमच्याकडच्या मालेगावाहून रिसोडकडे बसनं गेलं, तर या दिवसांत खिडकीतून हा वास दर दोन-चार मैलांवर आत येतो आणि पुन्हा जातो. मला पूर्वी तो फार आवडायचा. आता तो आला की आधी एक दवाखाना आठवतो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही अकोल्याला होतो. वंदनाच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं की एक बाजू पूर्ण काढावी लागेल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हळद निघाच्या आंधी होईन का?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारा मी, मला तिच्या त्या प्रश्नाचा अर्थसुद्धा समजावून सांगता आला नाही.

अर्थ असा होता. आमच्या गावात हळद काढायला बायांची एक टोळी असते. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. ट्रॅक्टरनं जमीन उकरून ठेवली की बाया ओळीनं बसतात, मातीची ढेकळं फोडतात, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करतात. मास्तराची बायको म्हणून वंदनाला तिथं जायची गरज नव्हती. पण लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती जात होती, आमच्या शेतात आणि दुसऱ्यांच्याही. कामासाठी कमी आणि तोंडासाठी जास्त. टोळीची पुढारी शांताबाई. साठी ओलांडलेली, आवाज असा की दोन शेतं पलीकडचा बैल कान टवकारेल. ती वंदनाला मास्तरीण म्हणायची आणि दिवसभर छळायची.

"मास्तरीण, तुये हात चालते का तोंड?"

"तोंड चालते म्हणून तं हात चालते, शांताबाई."

"अन् घरी मास्तर कसा आयकत असन व?"

"आयकत नाही. हजेरी घेते."

त्या हसण्याच्या भरात ओळी पुढं सरकायच्या. वंदना संध्याकाळी घरी यायची तेव्हा कोपरापर्यंत पिवळी झालेली असायची आणि तिला दिवसभरात कोणी काय शिवी दिली ते मला जेवताना क्रमानं सांगायची. तिच्या वर्षातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

म्हणून दवाखान्यात जाताना तिनं टोळीला सांगितलं की बहिणीची सून बाळंतीण होणार आहे, तिकडं चालले. खरं फक्त तिच्या बहिणीला, आमच्या मुलाला आणि मला माहीत होतं. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर ती गोष्ट घरात वर्षानुवर्षं निघते. बिस्किटाचा पुडा किंवा नारळ घेऊन लोक येतात, खाटेजवळ बसतात आणि आजार पहिल्यापासून सांगायला लावतात. वंदनाला ते नको होतं. "माहा पाय मोडला असता तं मी सगळ्यायले दाखवला असता," ती म्हणाली होती. "हे मी कोणाले दाखवू?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी परिचारिकेनं तिच्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र माझ्या हातात दिलं, हिरवा झगा घालायला दिला आणि तिच्या केसांच्या दोन वेण्या घातल्या. पांढऱ्या पट्टीनं बांधलेल्या. ऑपरेशनला नेताना बायकांच्या अशाच वेण्या घालतात म्हणे. वंदना पलंगाच्या कडेवर बसली, तिनं दोन्ही वेण्या हातानं चाचपल्या आणि एकदम हसायला लागली.

"पाहा तं. शाळेत नाव घालाले चालली मी."

मी काहीतरी हं हं केलं असेल. तिचं मंगळसूत्र मी खिशात घालत होतो, पुन्हा काढत होतो, आणि ते तिनं पाहिलं होतं.

"काढा एक फोटो," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून दोन वेण्या नाही घातल्या. पण कोणाले दाखवू नका, हो."

मी फोटो काढला. त्या फोटोत ती हसते आहे. ते हसू मला धीर यावा म्हणून होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग तिला आत नेलं. मुलगा दूर नोकरीला, त्याची गाडी संध्याकाळी पोचणार होती. तिची बहीण दुसऱ्या दिवशी येणार होती. मी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात एका लोखंडी बाकावर बसलो. शेजारी लोक होते, पण प्रत्येक जण आपापल्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत होता. आमच्याकडच्या पुरुषांना भीती सांगता येत नाही. मित्राला फोन लावला असता, तर तो "होईन बरं, काळजी नको करू" म्हणाला असता आणि तिसऱ्या वाक्याला सोयाबीनवर आला असता. वाईट म्हणून नव्हे, त्यालाही पुढचं वाक्य येत नाही. मी काहीतरी धरायला हवं म्हणून फोन धरला. फेसबुक उघडलं. वर लिहिलेलं होतं, तुमच्या मनात काय आहे? त्या दिवशी असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. "आज माझ्या वंदनाचं ऑपरेशन आहे. छातीत गाठ निघाली आहे. एक बाजू काढावी लागणार आहे. मी फार एकटा पडलो आहे. तुमच्या प्रार्थनेची गरज आहे." आणि खाली तो फोटो लावला.

ऑपरेशन तिचं, बाजू तिची आणि एकटा मी. हे माझं मला दिसायला फार दिवस गेले.

खोटं का सांगू, त्या दिवशी मला त्यानं आधार मिळाला. पाच मिनिटांत जोडलेले हात यायला लागले, मग दिवे, मग हृदयं. "सर, आम्ही आहोत." "सर, धीर सोडू नका." कितीतरी वर्षांपूर्वी अनसिंगच्या शाळेत माझ्या हाताखालून गेलेली मुलं, आता कुठं कुठं नोकरीला लागलेली, मोठमोठे परिच्छेद लिहीत होती. कोणाला मी दिलेली वही आठवत होती, कोणाला मी मारलेली छडी. प्रत्येक वेळी फोन थरथरला की माझ्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. त्यातला एक तर तासाभरात जेवणाचा डबा घेऊन समोर उभा राहिला. अकोल्यातच राहतो, दोन लेकरांचा बाप आहे आता. मुलगा येईपर्यंत माझ्याजवळ बसून होता. पुढं कधीतरी मी माझ्या बाजूनं बोलताना वंदनाला त्याचं उदाहरण दिलं. ती म्हणाली, "पोरगा चांगलाच हाय तो. पण तुमी त्याले फोन केला असता, तरी आला असता."



त्याच दुपारी गावात, हळदीच्या शेतात, शांताबाईच्या सुनेनं आपला फोन उघडला. बाया हळद मोडत होत्या. तिनं माझं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. शांताबाईला वाचता येत नाही. तिनं फोटो मागितला, पिवळ्या हातात फोन धरून बराच वेळ पाहिला आणि त्या दिवशी टोळीत पुढं कोणी काही बोललं नाही म्हणे. वंदना शुद्धीवर यायच्या आधी तिचा सगळा आजार गावाला ठाऊक झाला होता.

आम्ही घरी आलो तेव्हा ओसरीवर चपला मावत नव्हत्या. पुढचे पंधरा दिवस तसेच गेले. बिस्किटाच्या पुड्यांनी कोठीघरातली एक पेटी भरली. लोक प्रेमानं येत होते, त्यांना मी कसा दोष देऊ? मीच बोलावलं होतं. एकदा भेटायला आलेल्या बाया उठून गेल्यावर वंदना भिंतीकडं बघत म्हणाली, "तोंड माह्याकडं करते अन् नजर खाली ठेवते. कोणती बाजू, थे शोधते." त्या दिवसापासून ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली. घरातसुद्धा. माझ्यासमोरसुद्धा.

शांताबाई आली तेव्हा खाटेवर बसली नाही, खाली जमिनीवर बसली. "आमाले फोनवरून समजलं व बाई," एवढंच म्हणाली. बाई म्हणाली. मास्तरीण नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

या सगळ्याबद्दल वंदना मला एक शब्द बोलली नाही. मी मात्र त्या न बोलण्याला माफी समजून बसलो. माणूस सोयीचं ते समजून घेतो आणि मास्तर असला तर वर त्याचं कारणही स्वतःला पटवून देतो. ती बरी होते आहे, औषधं लागू पडली आहेत, आता जुनं कशाला काढायचं.

गेल्या वर्षी हळद निघाली तेव्हा ती टोळीत पुन्हा गेली. मला फार आनंद झाला. संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, आज शांताबाई काय म्हणाली? ती भाकरी मोडत होती. "काही नाही. सावलीत बसवलं मले. निवडून ठेवलेली हळद फक्त पोत्यात भराले दिली. मी गेली की सगळ्या हळू बोलते." मग म्हणाली, "मले आता कोणी शिव्या देत नाही."

तिचं काय हरवलं होतं ते मला तेव्हा समजलं. छातीची एक बाजू गेली ती तिनं सोसली होती. पण त्या शेतात ती सगळ्यांसारखी एक बाई होती, ते सगळ्यांसारखं असणंही गेलं होतं, आणि ते कोणत्या डॉक्टरनं काढलेलं नव्हतं.

हे कळल्यावर मी काय केलं? ओसरीवर खाटेवर बसून फोन काढला आणि माफीनामा लिहिला. "वंदना, तुझं दुःख मी तुला न विचारता जगासमोर मांडलं. मला माफ कर." लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. पाठवल्यावर पुन्हा तेच सुरू झालं. जोडलेले हात, हृदयं. "सर, तुमच्यासारखा नवरा सगळ्यांना मिळो." पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोक आले. मला पुन्हा हलकं वाटलं. अगदी तसंच, त्या बाकावर वाटलं होतं तसं.

अर्ध्या तासानं वंदना स्वयंपाकघरातून बाहेर आली. बहिणीचा फोन आला होता. तिच्या हातात मेथीची जुडी तशीच होती.

"माफी मागतली म्हणते तुमी माही."

"हो."

"कुठं?"

मी फोनकडं पाहिलं.

"मी तं इथंच होती," ती म्हणाली. "मेथी निवडून राह्यली होती. दहा पावलं बी नसन इथून."

मी खाटेवरून उठून उभा राहिलो.

"मंग? लोकायनं केलं का माफ?"

ती आत गेली. आणि ती वळली त्याच क्षणी हातातला फोन थरथरला, आणि मी खाली पाहिलं. कोण काय म्हणालं ते पाहिलं. या सगळ्या प्रकरणात माझी मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या खाली पाहण्याची.

त्यानंतर वर्षभर आम्ही नीट राहिलो. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. ती चहा करायची, मी तिला तपासणीला अकोल्याला न्यायचो, परतताना मालेगावच्या स्टँडवर आम्ही भजी खायचो. पण मी फोन हातात घेतला की ती खोलीतून उठून जायची. रागानं नाही. घरात कोणी परका आला की बाई जशी आत जाते, तशी.

या वर्षी, पंधरा दिवसांपूर्वी, फोननं आपण होऊन तो फोटो माझ्यासमोर आणला. दोन वर्षांपूर्वीची तुमची आठवण, असं वर लिहून. दोन वेण्या, हिरवा झगा, ते हसू. खाली शेकडो लोकांचे शब्द. मी तो काढून टाकायचं ठरवलं. बोट ठेवलं आणि बोट थांबलं. फोटोसाठी थांबलं नाही. खालचे शब्द जातील म्हणून थांबलं. "सर, आम्ही आहोत." ते जाईल म्हणून. मग दोन्ही काढून टाकले, फोटोही आणि माफीनामाही. काढल्यावर आत रिकामं वाटलं आणि ते कोणाला सांगावं असं पहिल्यांदा वाटलं नाही.

मग आमच्या शेतात टोळी आली. मी पोती बांधावर नेऊन टाकत होतो. शांताबाईनं नेहमीप्रमाणे निंबाखाली एक गोणपाट अंथरून ठेवलं होतं. "तू इथं बस, बाई," ती वंदनाला म्हणाली.

वंदना बसली नाही. पदर कमरेला खोचून उन्हात, ओळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"शांताबाई, एका बाजूचं वजन कमी झालं मायं," ती मोठ्यानं म्हणाली. "आता तुमच्या सगळ्यायच्या पुढं निंगून जाईन मी."

सगळ्यांचे हात थांबले. मी बांधावर पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा. शांताबाईनं तिच्याकडं पाहिलं, खालून मातीचं एक ढेकूळ उचललं आणि तिच्या पायाशी फेकून मारलं.

"खोटारडे! बहिणीच्या सुनेचं बाळंतपण कराले गेली होती ना व तू? काय झालं तिले, पोरगं का पोरगी?"

"अजून नाही झालं," वंदना म्हणाली. "दोन वर्षं झाले, कळाच देऊन राह्यली ते."

काय हसल्या त्या बाया. शांताबाई हसता हसता डोळे पुसत होती आणि तिचं सगळं तोंड पिवळं होत होतं. "बस माह्या बाजूले, मास्तरीण," ती म्हणाली. "पाहू कोणाचा हात चालते."

मला हसू आलं नाही. मी जे मोडलं होतं ते तिनं एकटीनं जोडलं होतं, आणि त्यासाठी तिला आपल्याच अंगावर विनोद करावा लागला होता, साऱ्या शेतासमोर. तो करायची वेळ तिच्यावर मी आणली होती. आता उरलो होतो मी. माझ्यासाठी तिनं अजून काही करावं, अशी वाट पाहायचीही मला लाज वाटली.

हे सगळं लिहू का, म्हणून मी आज सकाळी तिला विचारलं. "आंधी मले वाचून दाखवा," ती म्हणाली. म्हणून एकेक तुकडा लिहून तिला वाचून दाखवतो आहे. वंदना हे नाव तिचं नाही. शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं आहे आणि ते तिनंच निवडलं. दोन ओळी तिनं काढायला लावल्या. शांताबाईनं ढेकूळ मारलं ते माझ्याकडून राहिलं होतं, ते तिनं घालायला लावलं.

काल आमच्या शेतात कुकर लागला होता. चाकांवरची पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला हळदीनं भरलेली पिंपं आणि त्यांच्या झाकणांतून फुसफुसणारी वाफ. दुपारी बाया निंबाखाली भाकरी सोडून बसल्या. कुकरवाला गडीही हात धुवायला विहिरीकडं गेला. पिंपापाशी वंदना एकटी होती. शिजली का ते पाहायला वरच्या हळकुंडात ती काडी टोचत होती. काडी आरपार गेली की हळद झाली. फोन मी सकाळीच घरी, भिंतीतल्या देवळीत ठेवून आलो होतो.

मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "वंदना, गेली दोन वर्षं माझ्या मनावर एक ओझं आहे. माझ्या हातून तुझ्या विश्वासाला जो तडा..."

"हे काय?" तिनं काडी तशीच धरून माझ्याकडं पाहिलं. "तुमी लिवून राह्यले का बोलून राह्यले?"

वाफ दोघांच्या मधून वर जात होती. पलीकडं शांताबाई कोणाला तरी शिव्या देत होती. मी माझे खिसे चाचपले, सवयीनं. काही नव्हतं तिथं.

"बोलून राह्यलो," मी म्हणालो.

"मंग बोला."

"तू कोणाले दाखवू नका म्हणलं होतं. म्या दाखवला. भेव मले लागत होतं, अन् फोटो तुया टाकला. तुले इचारलं नाही. मायं चुकलं."